तिसरा चुंबक

"शंभराला एक ओवी, हजाराला एक घोट पाणी. आणि मोडलं, तर तिथल्या तिथे सांगायचं."

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा नऊ वर्षांची होते. आई गेल्यावर बाबांनी मला आत्याच्या घरी आणून सोडलं होतं, आणि जिना उतरताना ते मागे वळले नव्हते. मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. भिंतीपलीकडे एक चाक घरघरत होतं. त्या घरघरीच्या ठेक्यात एक बाई कुणाला तरी काहीतरी शिकवत होती आणि मधूनच गात होती:

सूत केसाहून बारीक, नको श्वास जोरानं सोडू
माझ्या मायेचं वेटोळं, नको मधेच गं तोडू

ती आत्याच होती. शिकवत होती स्वतःच्या मुलाला, म्हणजे माझ्या दादाला. मला मात्र वाटलं, मलाच सांगतेय. मी श्वास धरला. पस्तिशी ओलांडली तरी भीती वाटली की मी तसाच श्वास धरते. ही गोष्ट ज्या दुपारची, त्या दुपारी तर मी तो तीन आठवडे धरून होते.

आत्या गिटारचे पिकअप करायची. विजेच्या गिटारला पोट नसतं, नुसती लाकडाची फळी असते. तिचा आवाज तारांखाली बसवलेल्या बोटभर लांबीच्या एका डबीतून, म्हणजे पिकअपमधून, येतो. सहा तारांखाली सहा चुंबक उभे, करंगळीच्या नखाहून बारीक, आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या तारेचे आठ हजार वेढे. जुन्या पद्धतीत वेटोळं एकच असतं. दोन वेटोळ्यांचेही पिकअप मिळतात, त्यात घूं घूं कमी होते. आत्या त्यांना 'जोडप्याचा संसार' म्हणायची. "भांडण कमी ऐकू येतं, पण हसणंही कमीच." आम्ही एकट्या वेटोळ्याचेच करायचो.

मशीन साधं, हातानं फिरवायचं. दांडा उजव्या अंगाला. आत्या डावरी, म्हणून ती मशीनच्या मागच्या बाजूनं, खिडकीकडे पाठ करून बसायची. डाव्या हातानं चाक, उजव्या हाताच्या चिमटीत तार. दादा आणि पुढे मी, आम्ही पुढच्या बाजूनं बसायचो. वेढे मोजायचा आकडा कधीच बंद पडला होता. आत्याला त्याची गरज नव्हती. शंभर वेढ्यांत तिची एक ओवी संपायची. दहा ओव्या झाल्या की ती चाक थांबवून पाण्याचा एक घोट घ्यायची. मला बरीच वर्षं वाटायचं, हे घशासाठी असावं.

चार वर्षांपूर्वी तिचे हात थरथरायला लागले. एका सकाळी तिनं चिमटीत तार धरली, ती तीनदा तुटली. आत्या उठली, दांडा फडक्यानं पुसला आणि मला म्हणाली, "बस, भिंगरी. आता तूच फिर." भिंगरी हे माझं तिनं ठेवलेलं नाव. त्यानंतर तिनं तार हातात घेतली नाही. पण आमच्या घरातून एकही पिकअप तिनं ऐकल्याशिवाय बाहेर गेला नाही. ती चष्मा काढून, भिंतीकडे तोंड करून बसायची. चष्मा का काढतेस विचारलं तर म्हणायची, "डोळे फार बडबडतात. कानांना बोलू देत नाहीत."

त्या कानांना मी घाबरायचे.

घाबरण्याला कारण दादा. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या हातून एका वेटोळ्यात तार तुटली. त्यानं टोकं जुळवली, डाख दिला, पुढे गुंडाळत गेला आणि गप्प बसला. आत्यानं ते वेटोळं ऐकलं आणि म्हणाली, "यात जोड आहे." दादा म्हणाला, "नाही." तिनं पुन्हा ऐकलं, पुन्हा विचारलं. तो पुन्हा नाही म्हणाला. तिनं आवाज चढवला नाही, वेटोळं उकलूनही पाहिलं नाही. "मी ऐकलंय," एवढंच म्हणाली. उठून खुंटीवरचा त्याचा ॲप्रन काढला, घडी घातली, चार कोपरे नीट जुळवले आणि त्याच्या हातात दिला. "जेवायला ये, राहायला ये. त्या खोलीत पाऊल टाकू नकोस." दादा जेवायलाही फारसा आला नाही. जिन्यात त्यानं मला सांगितलं होतं, जोड होता म्हणून. मी ते कधी कुणाला सांगितलं नाही. त्याची खुंटी अजून रिकामी आहे. आत्याची, रिकामी, माझी. तीन खुंट्या.

दादाला निदान जायला बायकोचं माहेर होतं.

तर त्या महिन्याच्या सुरुवातीला तारमास्तर आले. हेही आत्याचं दिलेलं नाव. मी त्यांना काका म्हणते. उंच, वाकलेले, बोटांची टोकं घट्टे पडून कडक झालेली. तीस वर्षं ते एकच गिटार वाजवतात आणि तिच्यातले दोन्ही पिकअप आत्याच्या हातचे. त्यांना दुसऱ्या गिटारसाठी मानेजवळच्या पिकअपचा जुळा हवा होता.

"जुनीला आता प्रवास झेपत नाही," ते म्हणाले.

"गिटारला की तुम्हाला?" आत्यानं विचारलं.

"आम्हा दोघांनाही, ताई. पण नवी गिटार माझ्याशी परक्यासारखं बोलते हो. अहो-जाहो करते."

"करेल हळूहळू अरे-तुरे. भिंगरी जुळा करून देईल." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "जपून गं. माझ्या हातचे बाकीचे कुठे कुठे गेले, देव जाणे. हे दोनच मला माहीत आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या हातांच्या व्यायामाला दवाखान्यात गेली. सोमवारी आणि गुरुवारी ती तिथे रबरी चेंडू दाबत बसायची. मी गिटार उघडली, मानेजवळचा पिकअप काढला आणि आमच्या पाटावर लावला. पाट म्हणजे तारा ताणलेली एक फळी. खालून पिकअप सरकवायचा, वरून तार छेडायची, ॲम्पच्या खोक्यातून आवाज ऐकायचा. तारा न उतरवता एकामागून एक पिकअप ऐकता येतात.

आवाज सुंदर होता, फक्त तिसरी तार इतरांच्या डोक्यावरून ओरडत होती. जुन्या पिकअपमध्ये तिसरा चुंबक सगळ्यांत उंच ठेवत, तेव्हाच्या जाड तारांसाठी. आताची तिसरी तार पातळ असते, तिला एवढं जवळ घेतलं की ती किंचाळते. काका तीस वर्षं ती तार अलगद वाजवत आले असणार. मला त्यांची दया आली. म्हटलं, चुंबक केसभर खाली करू या, म्हातारपणी बोटांना आराम.

या पिकअपमध्ये चुंबक दाबायचा नसतो. हा आमच्याकडचा पहिला धडा. वेटोळ्याचा सगळ्यांत आतला वेढा थेट चुंबकाला चिकटलेला असतो. पन्नास वेळा मी हे इतरांना सांगितलंय. आणि मीच अंगठा ठेवून दाबला.

टिक्.

तांदळाचा दाणा मोडावा एवढाच आवाज. पाट मुका झाला. मी मीटरच्या सुया लावल्या. सहा हजारांच्या आसपास आकडा यायला हवा होता, तिथे काहीच नव्हतं. मी चुंबक पुन्हा वर ढकलला, जणू त्यानं काही होणार होतं. मग जिन्यात पावलं वाजली आणि मी पिकअप ड्रॉवरमध्ये सरकवला.

आत्या आत आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "चेहरा का पांढरा पडलाय?"

तिथल्या तिथे सांगायची ती वेळ होती. "सकाळपासून काही खाल्लं नाही," मी म्हणाले.

"मग खा. उपाशी हातानं तार धरू नये."

पुढच्या गुरुवारी, सोमवारी, पुन्हा गुरुवारी, ती दवाखान्यात गेली की मी काम करायचे. वेटोळ्यावर आत्यानं लपेटलेला काळा दोरा अख्खा सोडवून ठेवला. तिची तार उकलली. आठ हजार वेढे, जुन्या रंगाचे, जांभळट काळे. ओंजळीत घेतले तर एखाद्या बाईचे विंचरताना गळलेले केस दिसावेत तसे दिसत होते. ते टाकवले नाहीत. बटणांच्या डबीत, बटणांच्या खाली दडवले. मग नवी तार घेऊन मी पुन्हा भरायला बसले. कान जिन्याकडे, डोळे घड्याळाकडे. ओव्या ओठातल्या ओठात म्हणत होते. सगळ्या आठवल्याही नाहीत, ज्या आठवल्या त्याच फिरवल्या. वर तोच काळा दोरा, त्यावर तेच पांढरं टोपण. आणि त्या आवाजाला नमुना धरून मी तीन जुळे केले. म्हणजे माझ्याच चेहऱ्याची मी तीन चित्रं काढली आणि खाली आत्याचं नाव लिहिलं.

काका आले ती दुपार स्वच्छ होती. खिडकीतून ऊन थेट पाटावर पडलं होतं. पिकअपची तुलना करायची आमची रीत ठरलेली: चार पिकअप, तीन नवे, एक जुना. सरकवणारं गिऱ्हाईक, छेडणारं गिऱ्हाईक. आत्या भिंतीकडे तोंड करून. तिनं जुना कोणता ते ओळखायचं. तिला ओळखता आला नाही, तर जुळा पास. सोळा वर्षांत माझे जुळे फक्त दोनदा पास झाले होते.

"आज ओळखू नका, ताई," काका म्हणाले. "मला गिटार घेऊन जायचंय."

"मी काय मुद्दाम ओळखते? ते स्वतःच हाक मारतात." तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. "भिंगरी, ॲम्पवर हात ठेवू नकोस. हात थरथरला की मला ऐकू येतं."

मी हात मागे बांधले.

काकांनी चारी पिकअपच्या पोटाला चिठ्ठ्या लावल्या होत्या. पहिला सरकवला. उघड्या तारा, मग एक मोठा सूर, मग छोटीशी चाल. पितळी भांड्याला ओला चमचा लागावा तसा आवाज, स्वच्छ, कडा असलेला. आत्या हलली नाही. दुसरा. हा थोडा लाकडी, खालच्या तारेला जास्त गोल. तिसरा. माझ्या कानात माझंच रक्त इतकं वाजत होतं की तो कसा होता ते मला सांगता येणार नाही. चौथा.

"पुन्हा," आत्या म्हणाली.

पुन्हा झालं.

"पुन्हा."

तिसरी फेरी संपली. भिंतीवर तिच्या डोक्याची सावली होती, मी त्या सावलीकडे बघत होते. बोलताना ती सावली हलेल आणि माझं घर संपेल.

"चारही एकाच माणसाचे आहेत," आत्या म्हणाली.

काका मोठ्यानं हसले. "वा! म्हणजे भाची तुमच्यासारखी झाली. पास, पास."

"माझ्यासारखी झाली असं मी म्हणाले नाही. माझा यात नाही, असं म्हणतेय."

"अहो, असं कसं? मीच सरकवला ना."

"तारमास्तर, हजार वेढे झाले की मी पाणी प्यायचे. पाणी पिऊन चाक पुन्हा सुरू केलं की पहिले दहा-वीस वेढे सैल पडायचे. हात गार, अंग सैल. असे सात ठिकाणी सैल पट्टे माझ्या प्रत्येक वेटोळ्यात आहेत. त्यांच्यामुळे वरची तार किंचित हसते. मी ती चूक कधी सुधारली नाही. आवडायची मला." तिनं मान हलवली. "हे चारही शहाणे आहेत. एकही हसत नाही."

त्या तीन सकाळी मी पाणी प्यायले नव्हते. थांबायला वेळच नव्हता. जिन्यात केव्हा पाऊल वाजेल या भीतीनं मी आठ हजार वेढे एका दमात, घट्ट, भेदरून घातले होते. तिनं ते ऐकलं होतं. त्या भिंतीकडे तोंड करून तिनं माझी भीती ऐकली होती.

आता ती विचारणार. दादाला विचारलं तसं, दोनदा.

पण विचारायच्या आधी काकांनी चिठ्ठी काढून दाखवली. "हे बघा. तिसरा. हा जुना. या टोपणावर माझ्या नखाचा ओरखडा आहे, तीस वर्षांचा. तुमचाच आहे, ताई. वाटला होता मला जरा उजळ, पण भाचीनं साफ केला असेल. केलास ना गं?"

"हो," मी म्हणाले.

आत्या खुर्चीतच मागे वळली. तिनं चष्मा घातला, टोपण हातात घेतलं, ओरखड्यावरून अंगठा फिरवला. मग तिनं जे केलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. उजवा हात उजव्या कानाजवळ नेला आणि अंगठा नि बोट एकमेकांवर घासलं. मग डावा हात डाव्या कानाजवळ. ऐकू येतंय का, ते बघत होती. बोटं थरथरत होती, त्यामुळे दोनदा घासावी लागली.

"गिटारीत बसव," ती मला म्हणाली. आवाज कोरडा होता. "खालच्या पिकअपच्या जोडीनं वाजवून बघू. ते दोघं माझेच असले, तर कळेल. एकटा असताना मला चकवेल एखादा, जोडीनं वाजले की खोटं बोलत नाहीत."

मी गिटार टेबलावर घेतली. सोल्डरिंगची सळई तापत ठेवली. पिकअपमधून दोन वायर निघतात, एक पांढरी, एक काळी. पांढरी खटक्याला, काळी खालच्या पट्टीला. शंभर वेळा केलेलं काम. काका खिडकीशी उभे राहून कुणाशी तरी फोनवर बोलत होते. आत्या मशीनजवळ गेली. चार वर्षांत पहिल्यांदाच ती आपल्या जागेवर बसली, मागच्या बाजूनं, उन्हाकडे पाठ करून. डावा हात दांड्यावर ठेवला, आणि तो थरथरू नये म्हणून असेल, पुटपुटायला लागली:

जग उजवं फिरतं, मी गं डावीनं फिरते
माझ्या उलट्या वाटेला, सूर सुलटा पेरते

ही ओवी मला आठवली नव्हती.

मी सळई हातात धरून तशीच राहिले. आत्या मागून बसायची. मागून बसून चाक फिरवलं की वेटोळं उलट्या दिशेनं भरतं. तिचे सगळे पिकअप उलटे, माझे सगळे सुलटे. एकेकटे वाजवले तर कुणालाही फरक कळणार नाही. पण उलटा आणि सुलटा एका गिटारीत घालून खटका मधे ठेवला, म्हणजे दोन्ही एकदम वाजवले, की ते एकमेकांना खाऊन टाकतात. आवाज पोकळ होतो, पातळ, नाकातला, सर्दी झाल्यासारखा. आणि आत्यानं नेमकं तेच वाजवायला सांगितलं होतं.

उपायही मला लगेच सुचला, हीच त्यातली वाईट गोष्ट. दोन वायर आपसांत बदलायच्या. पांढरी पट्टीला, काळी खटक्याला. उलट्याचं सुलटं. दोन डाख, अर्धं मिनिट, वर झाकण, तीन स्क्रू. मग जगात कुणाला कधीही कळणार नव्हतं. आत्याला नाही, काकांना नाही. मी दादाच्या खुंटीकडे पाहिलं आणि वायर बदलल्या.

मला वाटलं होतं, हात कापतील. नाही कापले. भीती खूप झाली की हात शहाणे होतात.

काकांनी पट्टा खांद्यावर घेतला. आधी मानेजवळचा एकटा वाजवला. मग खालचा. मग खटका मधे ठेवला आणि सूर छेडला. भरलेला, ओलसर, दोन बहिणी एका उशीवर डोकं ठेवून बोलाव्यात तसा आवाज खोलीभर झाला. काकांनी डोळे मिटले. बराच वेळ ते वाजवत राहिले. तिसरी तार आली की तिला अलगद सांभाळत होते, सवयीनं.

"हाच," ते म्हणाले. "ताई, हाच. मान्य करा आता. शंभरातून एकदा चुकता तुम्हीही."

मी सुटले होते. श्वास सोडायला हरकत नव्हती.

आत्यानं पुन्हा कानाजवळ बोटं घासली, या वेळी फक्त एकदा. मग उठली. तीन खुंट्यांपाशी गेली, तिथे जरा थांबली आणि स्वतःचा ॲप्रन काढला. टेबलावर पसरला. घडी घालायला लागली. हातांच्या थरथरीनं कोपरे जुळेनात. ती पुन्हा पुन्हा जुळवत होती.

"ताई, काय करताय?" काकांनी विचारलं.

"हात गेले तेव्हा मी म्हटलं, कान आहेत," ती कापडाशीच बोलल्यासारखी बोलत होती. "चांगलं चाललं होतं. भिंगरी हात, मी कान. आता माझा स्वतःचा सूर समोर वाजतो आणि मी म्हणते, हा माझा नाही. तीनदा ऐकून म्हणते. मग माझ्याकडे राहिलं काय?"

"अहो, वयानं होतंच..."

"वयाचं नाही हो, तारमास्तर." ती खुर्चीत बसली, घडी मांडीवर. "अकरा वर्षांपूर्वी मी पोराला याच कानांच्या भरवशावर काढलं. त्यानं दोनदा सांगितलं, जोड नाही म्हणून. मी उकलून बघितलंसुद्धा नाही. केवढा गर्व तो." तिनं माझ्याकडे पाहिलं. आत्याच्या डोळ्यांत भीती असते कशी, ते मला माहीत नव्हतं. ती माझ्यासारखीच दिसत होती, नऊ वर्षांची, भिंतीकडे तोंड करून पडलेली. "तेव्हाही मी असंच चुकीचं ऐकलं असेल का गं, भिंगरी?"



"हा घे." तिनं ॲप्रन माझ्यापुढे धरला. "उद्यापासून तूच ऐक, तूच ठरव. मला विचारायचं नाही. बहिऱ्याला विचारून माल देऊ नये."

ॲप्रन मी घेतला नाही. माझी पावलं कपाटाकडे गेली. बटणांची डबी काढली, टेबलावर उपडी केली. बटणं घरंगळली, एक खाली पडून कुठेतरी गोल गोल फिरत राहिलं. त्यांच्या खालून ती जांभळट काळी तार निघाली, केसांच्या गुंत्यासारखी. मी ती दोन्ही हातांनी उचलली आणि आत्याच्या मांडीवर, ॲप्रनच्या घडीवर ठेवली.

काका म्हणाले, "हे काय?"

आत्यानं विचारलं नाही. तिनं एक टोक चिमटीत धरलं. चार वर्षांत पहिल्यांदा तार तिच्या बोटांत होती, आणि तुटली नाही. ती खाली बघत होती. मला जिन्याचं दार दिसत होतं, उघडंच होतं.

"तू बरोबर ऐकलंस," मी म्हणाले. माझा आवाज मलाच पोकळ, पातळ ऐकू येत होता. "दादाचंही बरोबर ऐकलं होतंस. जोड होता, त्यानं मला जिन्यात सांगितलं होतं. आणि हे चारही माझे आहेत, आत्या. तिसरा चुंबक मी दाबला. तुझं वेटोळं माझ्या हातून तुटलं आणि मी ते तुझ्यापासून लपवलं. वायरसुद्धा आत्ता, तू गात होतीस तेव्हा बदलल्या. आणि आठ हजार वेढ्यांत मी एकदाही पाणी प्यायले नाही."